बंद हेडफोन

हे मी आईलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. आता तुम्हाला सांगायला बसले आहे — हसू नका.

हेडफोनपासून सुरू करते, ते सोपं आहे. नांदेड-लातूर बसने दर पंधरवड्याला ये-जा. कानात खुपसायचे घेऊन पाहिले, ते खड्ड्याखड्ड्याला निसटायचे. कानावर बसणारे घेतले, तर चष्म्याची काडी कानशिलात रुतायची; अहमदपूर येईस्तोवर डोकं ठणकायला लागायचं. शेवटी लातूरच्या एका दुकानात मऊ गादीचे मिळाले. आवाज स्वच्छ, चष्म्यावरही नीट बसणारे. दुकानदार म्हणाला, "मॅडम, प्रवासाला वापरा, रोजच्याला वापरा, डोक्यावर काय आहे ते विसरून जाल."

खरं सांगू? बसमध्ये मी त्यांत कधी गाणं लावलंच नाही.

मग घेतले कशाला? बसमध्ये शेजारची बाई आधी गाव विचारते. मग आडनाव. आमचं आडनाव मराठ्यांतही असतं आणि आम्हा बौद्धांतही — म्हणून तिसरा प्रश्न येतोच, "म्हणजे तुम्ही कोण?" कानावर हेडफोन असले की कुणी विचारत नाही. आणि गाणं लावलं, तर आपल्याविषयी कोण काय बोलतंय ते कळणार कसं?

लातूरला मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, खोली भाड्याची. घरमालकीण काकू पहिल्याच दिवशी आडनाव ऐकून म्हणाल्या होत्या, "म्हणजे आमच्यातलेच की!" मी हसले. नुसती हसले — खोटं बोलायचीही गरज पडली नाही. आईने दिलेली बुद्धाची तसबीर सुटकेसमध्ये, कपड्यांखाली गेली. तेव्हापासून दारावर थाप पडली की आधी सुटकेस बंद आहे ना ते बघते, मग कडी काढते.

एकदा मी नांदेडहून परतत होते आणि काकू माहेराहून निघाल्या होत्या. अहमदपूरला बसमध्ये चढल्या आणि नेमक्या माझ्या शेजारी बसल्या. पुढे चाकूरला मामा चढला. माझा सख्खा मामा, बारावीच्या प्रत्येक पेपरला मला सायकलवरून नेणारा. गर्दीतून वाट काढत आला, तोंडभर हसला.

"जय भीम, माय! लई दिवसानं दिसलीस."

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. हेडफोन बंद होते, अक्षर न् अक्षर ऐकू आलं. आपल्या माणसाच्या जय भीमला उत्तर न देणं म्हणजे काय, हे तुम्हाला कसं सांगू? त्याने खांद्याला हात लावला. काकूंनी कोपराने ढोसलं, "अगं, ओळखीचे आहेत का हे तुझ्या?"

मी एका कानावरची गादी उचलली. मामाकडे नीट पाहिलं — हो, डोळ्यांत डोळे घालून — आणि म्हणाले, "नाही हो काकू."

मामा काकूंकडे बघायला लागला. मग पुन्हा माझ्याकडे. त्याला सगळं कळलं, मला दिसलं ते.

"माफ करा बाई," तो मला म्हणाला, "चुकलंच माझं. आमच्या पोरीवानी दिसल्या तुम्ही."

लातूरपर्यंत तो दांडा धरून, माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याचे गुडघे दुखतात. मी उठून जागा देऊ शकले असते ना? परक्या म्हाताऱ्यालाही देतात लोक. मी हलले नाही. पुढे काकू माझ्या कानाशी त्याच्या जय भीमवरून, 'त्या लोकां'वरून काहीबाही बोलल्या. मी मान डोलावली. तेही केलं मी.

मामाने घरी कुणाला सांगितलं नाही. मीही नाही. अजून त्याच खोलीत राहते.

गेल्या महिन्यात तो लातूरच्या स्टँडवर दिसला. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा जय भीम घालणारा माणूस हा. मला पाहून थबकला. माझ्या आजूबाजूला कोण आहे ते त्याने आधी बघून घेतलं. कुणीच नव्हतं. तरी अगदी जवळ आला आणि ओठांतल्या ओठांत म्हणाला, "जय भीम, माय."

ही भीती त्याच्यात कधी नव्हती. ती मी घातली.