सुधाचं पत्र आणि किंचाळणारा ड्रॉवर

आमच्या बोरिवलीच्या घरात माझी म्हणावी अशी खाजगी जागा एकच होती, आणि ती किंचाळायची.

म्हणजे लाकडी कपाटाचा खालचा ड्रॉवर. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. घर दीड खोलीचं, माणसं आई, बाबा आणि मी. माझी बायको सुधा लग्नानंतर पहिल्यांदाच दोन महिने मालवणला माहेरी गेली होती. तिची तीन पत्रं त्या ड्रॉवरमध्ये होती. दोन महिन्यांत तीनच! तीही 'आंबे बरे आहेत' छापाची. तरी मी तीच ती परत परत वाचायचो. पण ड्रॉवर ओढला की 'कींऽऽच!' आणि स्वयंपाकघरातून आई, "वाचूक लागलो परत!" पेपरामागून बाबा, "अजून पाठ नाय झाला?" शेजारच्या परुळेकर काकूसुद्धा (भिंतीपलीकडून, हो!) खोकायच्या.

शेवटी एका शनिवारी ऑफिस अर्ध्या दिवसाने सुटल्यावर ठरवलं, आज याचं तोंड बंद करायचं! खोबरेल तेलाची बाटली घेतली.

"अरे, लाकडाक मेण चोळ, मेण!" बाबा ओरडले. "तेल कित्याक ओततंस?"

"बाबा, ही गिरणी नाहीये."

(बाबा गिरणीतले फिटर. जन्मभर यंत्रांना तेल पाजलेला माणूस तेल नको म्हणतोय, तर ऐकावं ना! पण मी बी.कॉम.!)

निम्मी बाटली ओतली. ड्रॉवर आता किंचाळण्याऐवजी कण्हायला लागला. काकू दारात उभ्याच होत्या. "वर पावडर टाक ना. कॅरमवर टाकतात तशी. झकास सरकेल!"

घरात पावडर एकच, सुधाची. डबा उघडला मात्र, त्या वासाने मी तसाच बसून राहिलो.

"काय रे, चक्कर आली?" काकूंनी विचारलं.

अर्धा डबा रिकामा केला. ड्रॉवर लोण्यासारखा सरकला. आवाज शून्य!

तेवढ्यात पोस्टमन आला. सुधाचं पत्र! आई, बाबा, काकू, तिघंही माझ्या तोंडाकडे बघत उभी. एवढ्या प्रेक्षकांत वाचणार कसं? "बघू सावकाश," म्हणत मी ते बेफिकीरपणे ड्रॉवरमध्ये टाकलं आणि बंद केला. उद्या सकाळी आईबाबा देवळात गेले की निवांत वाचू.

रविवारी ते देवळात गेले आणि मी ड्रॉवर ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. कपाटाला पाय लावून ओढला. तेल आणि पावडर एकत्र नांदून खिडकीच्या काचा बसवायला लावतात तसली लांबी झाली होती! शेवटी ड्रॉवरची मूठ हातात आली आणि मी उताणा.

आईबाबा परतले, धडामधुडूम ऐकून काकूही आल्या. बाबांनी निदान केलं, "मागचो प्लाय काढूक व्हयो." कपाट फिरवलं, खिळे उपटले, मी खांद्यापर्यंत हात घातला. पत्र निघालं ते तळलेल्या पापडासारखं तेलकट! बॉलपेनची शाई सगळीकडे पसरलेली. वर 'प्रिय', मग नुसता निळा समुद्र, आणि तळाशी '...वारी सकाळी एस.टी.ने पोचते. स्टँडवर याल ना?'

"खयच्या वारी?" आईने विचारलं.

"सोमवार दिसतोय," काकू म्हणाल्या.

"रविवार," दारातून आवाज आला.

सुधा! एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात फणसाची पिशवी. "दीड तास स्टँडवर उभी होते. लांबून येणारा प्रत्येक माणूस तुम्हीच वाटत होता. पत्र मिळालं नाही?"

"मिळालं ना!" मी कपाटामागून म्हणालो. "दहा वेळा वाचलं!"

"मग?"

बाबा आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मदतीला आले. "गो, तो तुझाच पत्र काढी होतो."

सुधाने ते पत्र हातात घेतलं. आधी डोळे भरले, मग ती हसायला लागली, मग दोन्ही एकदम. सगळे चहाला आत गेल्यावर हळूच म्हणाली, "आधीच्या तीन पत्रांत लिहायचं धाडस झालं नाही, ते सगळं यात लिहिलं होतं."

"काय?"

"आता नाही सांगत."

आज आम्ही दोघंही सत्तरीकडे झुकलोय. अजूनही मध्येच विचारतो, "काय लिहिलं होतंस गं?" ती म्हणते, "आठवत नाही." खोटं बोलते, मला कळतं. आयुष्यात मला एकच प्रेमपत्र आलं, आणि ते पूर्ण वाचलं कोणी, तर ड्रॉवरने!