वालूरला उलटं गेलेलं वऱ्हाड

माझं लग्न ठरलं तेव्हा मी सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगात लारीचा मिस्त्री होतो, आणि ड्रायव्हरही मीच. निजामाचं राज्य, त्यात लढाईचे दिवस, पेट्रोल औषधालाही मिळत नव्हतं. तरी मालकाच्या हातापाया पडून मी दोन दिवसांसाठी लारी मिळवली. दुसरा इलाजच नव्हता. वालूरच्या माझ्या होणाऱ्या सासऱ्यांची अटच तशी होती. त्यांचा भरवसा बैलांवर. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून ते म्हणाले होते, "लग्नाला तुमच्या त्या मोटारीतूनच या. गोरज मुहूर्ताच्या आत आलात तर पोरगी तुमची. ज्याला आपली मोटार टायमावर आणता येत न्हाई, त्यो माझी पोरगी काय सांभाळंल?"

पोरगी मी एकदाच पाहिली होती. पाण्याचा तांब्या ठेवताना तिनं वर बघितलं आणि हसू दाबलं. तेवढ्यावर मी पुरता कामातून गेलो होतो.

लग्नाच्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. डोक्याला बाशिंग बांधलेला नवरदेव स्वतःच गाडी हाकतोय, हे काही शास्त्राला धरून नव्हतं. पण वऱ्हाडात दुसऱ्या कुणाला लारी चालवता येत असेल तर शपथ! मागं वऱ्हाड नि वाजंत्री, शेजारी माझी आत्या. आई गेल्यापासून तिनंच मला वाढवलं होतं आणि तिच्या शब्दाबाहेर जायची माझी छाती नव्हती.

वालूर दोन कोसांवर राहिलं असेल, तेव्हा मेंढरांचा कळप आडवा आला म्हणून मी लारी थांबवली. मेंढरं गेली. मी गिअरचा दांडा ढकलला, तर तो पुढच्या एकाही खाचेत जाईना. मागं जायची खाच तेवढी एकटी पलीकडच्या अंगाला होती. तिच्यात मात्र तो लोण्यासारखा शिरला, लारी हातभर मागं गेली आणि बायका किंचाळल्या.

"मोटार रुसली जणू," मेंढक्या काठीवर हनुवटी टेकवून म्हणाला.

मी बाशिंग सावरत खाली उतरलो. मला हे काम शिकवणारे उस्ताद म्हणायचे, "पहले कान, फिर नाक, हाथ सबसे आखिर में." मी कान लावला. गिअरचा दात तुटला असता तर जात्यात खडा आल्यासारखी गिअरची पेटी ओरडली असती. ती गप्प. मग वास घेतला. क्लच जळला की करपल्याचा वास येतो. इथं वास येत होता तो झेंडूचा, घामाचा आणि हळदीचा. शिवाय लारी मागं जात होती, म्हणजे क्लच ठणठणीत. पेटी बरी, क्लच बरा, मग दुखणं राहिलं दांड्यात.

दांडा सकाळपासून झेंडूच्या माळांनी झाकलेला होता. माळा बाजूला केल्या आणि मी कपाळावर हात मारला. आत्यानं माझ्या मनगटाला बांधलं तसंच हळकुंडाचं काकण दांड्यालाही बांधलं होतं! धक्क्यांनी ते खाली घसरलं आणि हळकुंड पुढच्या खाचांच्या तोंडाशी आडवं अडकून बसलं. मी वर ओढून पाहिलं, हलेना. मग चाकू काढला.

आत्यानं माझं मनगट धरलं. "खबरदार! काकण तोडत न्हाईत. ते नवरीच सोडंल, लगीन झाल्यावर, एका हातानं."

"अगं आत्या, हे लारीचं काकण हाय!"

"मग? तुला खायला कोण घालती? लारीच ना? तिचा मान न्हाई का?"

सगळं वऱ्हाड तिच्या बाजूनं. दिवस कलायला लागला होता. भांडत बसलो असतो तर मुहूर्त गेला असता आणि मुहूर्ताबरोबर पोरगीही. डोकंच फिरलं माझं. मी सगळ्यांना वर बसवलं, मोकळ्या माळावर मागच्या मागं मोठा वळसा घेतला, लारीची पाठ वालूरकडं केली आणि तशीच उलटी हाकत निघालो.

काय ती मिरवणूक! सगळ्यात पुढं वाजंत्री, त्यामागं वऱ्हाड आणि शेवटी मी, मान पिळवटलेला, बाशिंगाच्या मुंडावळ्या दातांत धरलेला. आधी आत्याच खिदळायला लागली, आणि मग कुणालाच हसू आवरेना. सनईवाल्याला तर फुंकायला दमच उरला नाही.

वालूरच्या वेशीत सासरे वाट बघत उभे होते. त्यांना लांबून दिसली ती लारीची पाठ. त्यांना वाटलं, वऱ्हाड रुसून माघारी चाललं! ते धोतराचा सोगा धरून पळत सुटले. "थांबा! पाव्हणं, चुकलं माझं! अट बिट काय न्हाई, पोरगी तुमचीच हाय!" मी करकचून ब्रेक दाबला. ते धापा टाकत माझ्या खिडकीशी आले, एकदा लारीच्या तोंडाकडं, एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं. "जावईबापू, तुमी यायलाय का जायलाय?"

"यायलोय," मी म्हणालो. सूर्य अजून हातभर वर होता.

लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरीनं एका हातानं माझं काकण सोडलं. मग आत्या तिला लारीकडं घेऊन गेली आणि त्यांच्यामागं अर्धं वालूर. ती दांड्याशी वाकली. गाठीला हातही न लावता तिनं ते हळकुंड बोटानं जरा खाली दाबलं, आडव्याचं उभं केलं आणि खाचांतून अलगद वर काढलं. काकण दांड्यावर जसंच्या तसं, दोरा शाबूत.

"आत्याबाई," ती पदराआडून म्हणाली, "गाठ आता सोडते. पर काल एवढं केलं असतं तरी भागलं असतं की."

सगळं वालूर हसलं. सासऱ्यांनी तर डोळेच पुसले. आयुष्यात चारचौघांत मला एवढी लाज कधी वाटली नव्हती, आणि एवढा आनंदही.