पडले तर उचला

शेवंताबाई गेल्याची बातमी आम्हांला जेवणघरात कळली. नाश्त्याची वेळ होती, उपमा होता, आणि आमच्या वृद्धाश्रमाचे मॅनेजर दारात उभे राहून म्हणाले, "सगळ्यांनी जरा ऐका. शेवंताबाई पहाटे दवाखान्यात वारल्या." ताटल्यांचा आवाज थांबला. तिथंच त्यांनीही थांबायला हवं होतं. पण ते पुढं म्हणाले, "आपण त्यांना किती सांगत होतो… ऐकलं असतं तर…" मी चमचा खाली ठेवला आणि उठले. गुडघ्यांमुळे मला उभं राहायला वेळ लागतो, तेवढा वेळ सगळे माझ्याकडे बघत राहिले. "साहेब," मी म्हणाले, "हे वाक्य पुरं करू नका." त्यांनी केलं नाही. पण नंतरच्या आठवड्यांत ते इतरांनी पुरं केलं. भेटायला येणाऱ्या नातेवाइकांनी केलं, ट्रस्टी मंडळींनी केलं, फोनवरून माझ्या सख्ख्या भाचीनंही केलं. हट्ट नडला म्हणे तिला! म्हणून हे लिहायला बसले आहे. शेवंताबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. मला येतं, आणि माझी खाट तिच्या खाटेला लागून होती.

मी सोलापुरातच मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. लग्न केलं नाही, निवृत्तीनंतर बरीच वर्षं एकटी राहिले, आणि गुडघ्यांनी दगा दिल्यावर विजापूर रस्त्यावरच्या या आश्रमात आले. इथं मला सगळे 'बाई' म्हणतात. शेवंताबाई कर्नाटकाच्या सीमेजवळच्या मंद्रूपकडची, मेंढपाळाच्या घरची. उभा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेला. नवरा गेल्यावर मुलगा बिरा तिला शहरात घेऊन आला. बिरा टेम्पो चालवतो, तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहतो आणि संडास खाली अंगणात, सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एक. ते जिने तिला होईनात, म्हणून ती इथं आली. तिला सोडताना बिरा रडत होता आणि ती त्याला कानडीत दटावत होती. राग आला की तिची भाषा सरहद्द ओलांडायची. पहिल्याच दिवशी तिनं खाटेवरची गादी हातानं दाबून बघितली, आपली घोंगडी फरशीवर अंथरली आणि मला म्हणाली, "बाई, येवढ्या उंचावर निजल्यावर मानूस पडनार न्हाय तर काय?" मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं होतं.

आता आमच्या नियमाबद्दल सांगते. तळमजल्यावरचे एक आजोबा न्हाणीघरात घसरले, मांडीचं हाड मोडलं. त्यांच्या मुलांनी येऊन मोठा तमाशा केला. त्यानंतर ठरलं की, संध्याकाळच्या जेवणापासून सकाळच्या चहापर्यंत कुणीही खाटेवरून उतरायचं नाही. सगळ्यांना डायपर. ज्यांना गरज आहे त्यांना, आणि ज्यांना नाही त्यांनाही. खाटेला दोन्ही बाजूंनी कठडे. कारण काय, तर संध्याकाळनंतर वरच्या-खालच्या दोन्ही मजल्यांना मिळून एकच सेविका, सुवर्णा, आणि ती बिचारी किती जणांना हाताला धरून नेणार? न्हाणीतली फरशी होती तशी गुळगुळीत राहिली, दिवा होता तसा मिणमिणता राहिला, आम्हांला मात्र जखडून टाकलं. दर्शनी भिंतीवर पाटी लागली, 'आपली सुरक्षितता, आमची जबाबदारी'. मीही डायपर घालत होते. माझ्या वर्गात एखादी मुलगी हात वर करून "बाई, जाऊ का?" म्हणाली की मी कधी तिला अडवलं नाही, आणि आता मला हात वर करायचीही सोय उरली नव्हती. पहिल्यांदा जेव्हा त्यातच… जाऊ दे, ते मी इथं लिहिणार नाही. पण अंगाखाली ओल घेऊन सकाळच्या चहाची वाट बघणं काय असतं, हे 'ऐकलं असतं तर' म्हणणाऱ्यांनी एकदा अनुभवून बघावं.

शेवंताबाईला सुवर्णानं ते डायपर दिलं तेव्हा तिनं ते उलटंपालटं करून बघितलं. "ह्ये काय?"

"आजी, घालायचं. म्हणजे मग उठायला नको."

"म्हंजी हितंच? निजल्या जागी?"

"हो."

"मी काय तान्हं लेकरू हाय व्हय?" असं म्हणून ती ते घेऊन जिना उतरली, मॅनेजरांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "सायेब, ह्ये तुमचं लंगोट वर ऱ्हायलं हुतं." ही हकिकत दुसऱ्या दिवशी नाश्त्याला सगळ्या टेबलांवरून फिरली. मॅनेजर मात्र हसले नाहीत. तिची घोंगडी उचलून ठेवली गेली, खाट सक्तीची झाली, कठडे वर झाले. मग ती कठड्यावरून पाय टाकून उतरायला लागली.

शेवटी मॅनेजरांनी बिराला बोलावलं. एक सांगते, हा माणूस दुष्ट नाही. जेवण न जाणाऱ्या आजोबांजवळ बसून स्वतःच्या हातानं वरणभात भरवताना मी त्यांना पाहिलं आहे. पण त्यांना भीती वाटते, कुणी पडलं तर आपली नोकरी जाईल याची, आणि भ्यालेल्या माणसाला सगळ्यांना झोपवून ठेवणं सोपं वाटतं. बिरा आईसमोर उकिडवा बसला. "आये, ऐक की जरा. पडशील, हाड मोडंल. मग मी काय करू?"

"पडले तर उचला," शेवंताबाई म्हणाली. "त्यापायीच ठिवलंय की मला हितं."

मॅनेजर म्हणाले, "असं नाही चालायचं, आजी. नियम पाळायचा नसेल तर तुम्हांला घरी न्यावं लागेल." बिराचा चेहरा पडला. घर म्हणजे ते जिने आणि तो अंगणातला संडास. इथं राहायचं तर त्यांच्या अटीवर, नाहीतर कुठंच नाही, हे तिघांनाही कळत होतं. वर आल्यावर ती खाटेवर टेकली. मग म्हणाली, "पोराला तरास न्हाय द्यायचा मला, बाई. पर पाय हायेत तवर पायानंच जानार."

दुसऱ्या दिवशी तिनं एक जुनं लुगडं फाडलं, पट्ट्यांना पीळ दिला आणि खिडकीच्या गजापासून माझ्या खाटेजवळून, खोलीच्या दारातून थेट व्हरांड्यातल्या न्हाणी-संडासाच्या दारापर्यंत कमरेइतक्या उंचीवर दोर ताणून बांधला. मेंढरं बसवायची तिथं असेच दोर ताणायचे म्हणे त्यांच्यात. दिवेलागणीला ती गोणपाटानं न्हाणीची फरशी स्वतः कोरडी करायची. मग आम्हांला सांगायची, "आदी बसा. पाय खाली सोडा. वाईच दम खावा. मंग उटा." त्या संध्याकाळी मी डायपर घातलं नाही. दोर धरून गेले, दार लावलं, आणि आत बसून रडले. आनंदानं रडले, लाज कसली त्यात! चार दिवसांत शेजारच्या खोलीतल्या बायका आमचा दोर धरून ये-जा करायला लागल्या. मॅनेजर म्हणाले, दोर कुणाच्या गळ्यात अडकला म्हणजे? म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. ते सोडून न्यायचे, ही दुसरा बांधायची. तिच्याजवळची लुगडी कमी होत चालली होती, मग मी माझ्या साड्या दिल्या.

आश्रमाच्या वर्धापनदिनाला मुख्य ट्रस्टी आले. हार-तुरे झाले, भाषण झालं, 'इथल्या एकाही ज्येष्ठाला आम्ही पडू देणार नाही' यावर टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर शेवंताबाई उभी राहिली. "सायेब, येक इचारू?"

"विचारा की आजी."

"आज सकाळी तुमी मुतायला कुनाला इचारून गेला?"

 मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळं सभागृह हसायला लागलं. ट्रस्टी लाल झाले, पण माणूस बरा असावा, कारण त्यांनी विचारलं, "तुम्हांला काय हवंय, आजी?"

"भितीला धराय दांडा. लख्ख दिवा. कोरडी फरशी. आन् घंटी वाजवली की येनारं मानूस." त्यांनी तिथल्या तिथं शब्द दिला, दांडा बसेपर्यंत तिला कुणी घरी धाडणार नाही असंही सांगितलं आणि तिच्याबरोबर फोटो काढून घेतला.

दिवा लगेच आला. दुसरी सेविका 'बघू' म्हणून राहिली, दांड्यासाठी 'कोटेशन मागवलंय' असं कळत राहिलं. आणि आता दांडा येणारच आहे, तर हा दोर कशाला, असं म्हणून एका सकाळी तो कापून नेला. त्याच संध्याकाळी जेवणं झाल्यावर न्हाणीची फरशी धुतली गेली आणि तशीच ओली राहिली. शेवंताबाईनं खाटेजवळची घंटी वाजवली. सुवर्णा खाली होती, एका आजोबांना उलट्या होत होत्या. मी म्हटलं, "थांबा जरा, येईल ती." ती थांबली. पुन्हा घंटी वाजवली, पुन्हा थांबली. लोक तिला हट्टी म्हणतात, पण ती थांबली होती, मी साक्षीला आहे. मग ती उठली… आणि न्हाणीच्या उंबऱ्यापाशी पडल्याचा आवाज मला आला. सुवर्णा धावत आली, घाबरून आपल्या तेलुगूत काहीबाही बोलत तिनं तिला मांडीवर घेतलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण नंतर छाती भरत गेली. मी भेटायला गेले तेव्हा तिनं नाकावरचा मास्क बाजूला केला. "बाई, दांडा बसला का?"

"नाही अजून."

"बसवून घ्या," ती म्हणाली. आमचं शेवटचं बोलणं हेच.

ऐकलं असतं तर ती जगली असती. असेल. खाटेवर, ओल्यात, कठड्यांच्या आत आणखी काही वर्षं जगली असती आणि तुम्ही तिला सुरक्षित म्हणाला असता. पण तिचं कुणी ऐकलं असतं तर? एक लोखंडी नळी, दोन खिळे, एक कोरडं फडकं, एक जादा माणूस. एवढं न करता मेलेल्या बाईला हट्टी म्हणणाऱ्यांची मला चीड येते आणि ती मी गिळणार नाही. आमच्या म्हातारपणाची काळजी घ्या, जरूर घ्या. पण काळजी म्हणजे आम्हांला हलू न देणं असेल, तर ती तुमच्या सोयीची काळजी आहे.

तिच्या जाण्यानंतर आठवड्याभरात हुकूम आला की, यापुढं नियम कडक. त्या संध्याकाळी डायपर वाटायला सुवर्णानं चक्क नकार दिला, म्हणून मॅनेजर स्वतः खोका घेऊन वर आले. तेव्हा आम्ही खोल्यांमधून बाहेर पडत होतो. मी पुढं, माझ्या खांद्यावर मागचीचा हात, तिच्या खांद्यावर तिच्या मागचीचा, अशा मजल्यावरच्या सगळ्या. सुवर्णा न्हाणीची फरशी पुसत होती.

"बाई, कुठं निघालात सगळ्या?"

"न्हाणीत."

"अहो, पडाल!"

"मग हात धरा ना, साहेब."

ते खोका घेऊन बाजूला सरकले. आम्ही थांबलो नाही. रांगेच्या शेवटी सगळ्यांत थकलेल्या आजी होत्या, त्यांची पावलं अडखळत होती. मॅनेजरांनी खोका भिंतीशी ठेवला आणि त्यांचा हात धरला. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते येतात, रांगेच्या शेवटी चालतात. दांडा अजून बसलेला नाही, आणि त्यासाठी मी रोज त्यांचं डोकं खाते. आजवर रांगेतलं कुणी पडलेलं नाही. उद्या कुणी पडलं, तर आम्ही तिला उचलू आणि परवा पुन्हा निघू.