सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेला मुलगा

ती रविवारची सकाळ आजही आठवली की आधी हसू येतं, मग थोडी शरम वाटते. नव्वदच्या दशकात मी वाशीत फौजदार होतो. सकाळी साडेसातला एक निवृत्त हेडक्लार्क शेजारणीला घेऊन पोलीस ठाण्यात आले. अमेरिकेतून येणारा मुलगा घरी पोचलाच नव्हता.

त्यांच्याकडे फोन नव्हता. मुलाचा निरोप शेजारणीने चिठ्ठीवर लिहून घेतला होता: 'शुक्रवारी संध्याकाळी सातला सॅन फ्रान्सिस्कोहून निघतो. प्रवास सव्वीस तास.' म्हणजे शनिवारी रात्री नऊला मुंबई. वडिलांनी विमानतळावर टॅक्सी पाठवली. पहाटे ड्रायव्हर एकटाच परतला. एवढं सांगून ते गृहस्थ रडायलाच लागले.

इतक्यात आमच्या हवालदाराने खबर आणली. नाक्यावरच्या पानवाल्याने पहाटे त्याच टॅक्सीच्या कॅरिअरवर परदेशी बॅगा पाहिल्या होत्या.

ड्रायव्हर पनवेलकडच्या नावड्याचा. त्याला आणलं. बॅगांचं नाव काढताच चाचरू लागला. चोराच्या मनात चांदणं, असं मी मनात म्हटलं.

तरी हिशेब तपासला. शाळेतल्या चोरीचा मुद्देमाल म्हणून एक पृथ्वीगोल ठाण्यात पडून होता. त्यावर दोरा लावला. विषुववृत्त चाळीस हजार किलोमीटर, दोरा त्याच्या एक तृतीयांश भरला. तासाला नऊशेच्या वेगाने पंधरा तास, वर विमान बदलण्याचा वेळ. सव्वीस तास पटण्यासारखे होते. मी रुबाबात गोल बाजूला सारला आणि ड्रायव्हरला लॉकअपमध्ये घ्यायला सांगितलं.

दारात तो थांबला.

"सायेब, बॅगा दुसऱ्या पॅसेंजरच्या. रिकामा कशाला येऊ, म्हनून पनवेलचं भाडं घेतलं. काकांनी जाता-येताचं दिलेलं, म्हनून लपवलं. पन एक इचारू? या ताईंना फोन कदी आला?"

"शनिवारी सकाळी साडेआठला," शेजारीण म्हणाली. "बोलता बोलता माझं दूध उतू गेलं ना."

"मंग पोरगा शनिवारी सकाळपरयंत तिथंच हाय! मी आदी कळंबोलीला ट्रकवर होतो. गाडी सुटल्याचा फोन येतो, तवापासून आमी तास मोजतो. कागदावरची येल कोन बघतो?"

मी चिठ्ठी पुन्हा वाचली. तिकडची शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे आपली शनिवारची सकाळ, हे आम्हा शिकलेल्यांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. शनिवारी साडेआठपासून सव्वीस तास, म्हणजे रविवारी सकाळी साडेदहा. हरवलेला मुलगा अजून हवेतच होता.

आम्ही सगळे त्याच टॅक्सीत बसून विमानतळावर गेलो. साडेअकराच्या सुमारास ट्रॉली ढकलत मुलगा बाहेर आला आणि खाकी वर्दी बघून गडबडला. मुलाला जवळ घेण्याआधी वडिलांनी ड्रायव्हरचे हात धरले. "माफ कर रे बाबा," एवढंच त्यांना बोलता आलं. मीही त्याची माफी मागितली. वर्दीत ते जड जातं, पण मागितली.

दोरा बरोबर होता, गुणाकार बरोबर होता, आणि एक निरपराध माणूस लॉकअपच्या दारात उभा होता. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक संशयिताला माझे प्रश्न संपल्यावर मी म्हणायचो, "आता तुला काय विचारायचंय ते विचार."