'रंगाऱ्याचं दुःख' कोणाचं?

सीवर्ट बाक्कुमने हॉलंडमधल्या डे रैप गावातल्या लाकडी घरांना चाळीस वर्षं हिरवा रंग दिला. भिंतीच्या बुडाशी गुलाबी-पांढऱ्या नाजूक फुलांचं एक बुटकं रोप दाट माजायचं. त्याचं नाव 'स्खिल्डर्सफरड्रीट', म्हणजे रंगाऱ्याचं दुःख. खालच्या फळ्या रंगवायला वाकलं की फुलं आडवी यायची, आणि शिडी टेकवली की घरमालकीण ओरडायची, "फुलांवर शिडी ठेवू नकोस." बापाने त्याला सांगितलं होतं, नाव त्यावरूनच पडलं.

डच भाषेत घर रंगवणारा आणि चित्र काढणारा, दोघांनाही एकच शब्द. बागकाम मंडळात निवृत्त होखलांड मास्तरांनी सांगितलं, पाकळ्यांवरचे बारीक ठिपके चित्रकारांना जमेनात, म्हणून हे नाव. सीवर्ट उठून म्हणाला, "मास्तर, ते दुःख आमचं, शिडीवाल्यांचं." सगळे हसले.

मंडळाची पत्रिका मास्तरच काढायचे. त्याने तिला तीन पत्रं लिहिली. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं: लेखी पुरावा द्या.

"पुरावा म्हणून काय, माझी वाकलेली कंबर पाठवू?" तो बायकोवर, आफ्येवर, खेकसला.

"पाठव. घरात तरी शांतता होईल," ती म्हणाली.

मग त्याला वाटलं, आपणच त्या फुलाचं हुबेहूब चित्र काढून दाखवलं तर मास्तरांची गोष्ट आपोआप खोटी ठरेल. त्याने सर्वांत बारीक ब्रश आणला. अकरा दिवस झाले तरी ठिपके पसरतच होते. बाराव्या दिवशी मास्तर त्याच्या घरी आले आणि टेबलावरचे चुरगळलेले कागद बघत राहिले.

"म्हणजे मी म्हणतो ते खरं," ते हळूच म्हणाले.

"असेल. म्हणून माझं खोटं होतं का? तेही छापा की."

"ऐकीव गोष्ट मी छापत नाही, सीवर्ट."

"मग तुमची कुठून आली?"

मास्तरांनी टोपी हातात फिरवली. "आजी सांगायची," ते म्हणाले.

सीवर्टला वाटलं, आता तरी छापतील. पत्रिकेचा शरद ऋतूतला अंक आला. आफ्येने मोठ्याने वाचायला घेतला. मास्तरांच्या लेखात चित्रकार होते, ठिपके होते, आजीचं नाव नव्हतं आणि शिडीही नव्हती.

"पुरे," सीवर्ट म्हणाला. त्याने डगला चढवला. शेजारच्या विधवा बाईची खिडकी रंगवण्याआधी घासायची राहिली होती. पॉलिश पेपर त्याने इतका जोरात घासला, की बाईंनी आतून काच वाजवून विचारलं, माझ्या खिडकीवर कसला राग आहे तुमचा?