लांबलेली वाट

बाणवाल्या काकांचं खरं नाव कचेरीतल्या हजेरीपटाखेरीज कुठे उरलं नव्हतं. सरकारी जंगलाच्या फाटकापासून वर तळ्याकाठच्या मुक्कामाच्या जागेपर्यंत झाडांच्या बुंध्यांवर पिवळे बाण रंगवायचे, म्हणून ते बाणवाले. बत्तीस वर्षं हेच काम. वर्षातून एकदा सगळे बाण नव्याने रंगवायचे, कारण शेवाळ रंग खातं. आणि आठवड्यातून दोनदा वर जाऊन चूल, हातपंप आणि खड्ड्याचा संडास बघायचा. तंबू ठोकून निसर्गात राहायला आलेली माणसं मागे काय काय टाकून जातात, हे काका सांगायला लागले की ऐकणाऱ्याला घास उतरत नसे. एकदा तर अख्खी गादी सापडली होती. ती वर नेणाऱ्याच्या पाठीबद्दल काकांना आदर होता, अकलेबद्दल नव्हता.

नऊ वर्षांपूर्वी काकांचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला आणि थोड्याच दिवसांत डाव्यानेही त्याची री ओढली. वाटेवर कातळात खोदलेल्या सत्तर पायऱ्या होत्या. त्या उतरताना काकांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत. त्या वर्षी बाण रंगवताना त्यांनी पायऱ्यांच्या अलीकडचा बाण गुपचूप डावीकडे वळवला, टेकाडाला लांबचा वळसा घातला आणि पायऱ्या संपतात तिथे वाट पुन्हा जुन्या वाटेला जोडून दिली. पायऱ्यांकडचे जुने बाण तारेच्या ब्रशने खरवडून टाकले. कुणाला पत्ता लागला नाही. पुढच्या वर्षी ओढ्याजवळचा उभा चढ वाटेतून गेला. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक. फाटकावरच्या पाटीवर मात्र तेच जुने पाच किलोमीटर राहिले. धापा टाकत पोहोचलेले लोक म्हणत, हे पाच किलोमीटर संपता संपत नाहीत हो. काका म्हणत, शहरातले पाय, दुसरं काय.

हे गुपित फक्त काकूंना ठाऊक होतं. रोज संध्याकाळी गुडघ्यांना तेल चोळता चोळता त्या सांगत, की साहेबांना सांगून मोकळे व्हा, खाली कचेरीत बसायचं काम देतील. काकांना नेमकं तेच नको होतं. त्यांच्या आधीच्या बाणवाल्याची कंबर धरली तेव्हा त्याला असंच कचेरीत बसवलं होतं. जंगलाचा कोपरा न् कोपरा माहीत असलेला तो माणूस शेवटची तीन वर्षं चहाचे कप उचलत होता. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. तेवढी कशीतरी रेटायची आणि आपल्या पायांनी चालत बाहेर पडायचं, एवढंच काकांना हवं होतं.

मग नव्या साहेब आल्या. वयाने काकांच्या मुलीएवढ्या. वाटेच्या लांबीबद्दल आलेल्या तक्रारींचा गठ्ठा आधीच्या साहेबांनी खिडकी उघडी राहावी म्हणून मध्ये अडकवला होता, तो त्यांनी काढून चक्क वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दांड्याला लावलेलं मोजणीचं चाक घेऊन फाटकावर हजर. काकांना म्हणाल्या, चला, मोजू या.

चाक दर मीटरला टक् करत होतं आणि प्रत्येक टक् काकांच्या छातीत वाजत होती. पहिल्या मोठ्या वळणाशी मॅडम थांबल्या. हातातल्या जुन्या नकाशात वाट सरळ वर जात होती, बाण मात्र डावीकडे चालले होते. काकांनी रात्रभर घोकलेलं उत्तर दिलं, की वरच्या पायऱ्या ढासळल्या आहेत, म्हणून वाट वळवावी लागली. मॅडम म्हणाल्या, असं असेल तर वर लिहून कळवायला हवं, आधी बघून घेऊ. आणि त्या सरळ निघाल्या. काकांना त्यांच्यामागे जाण्यावाचून इलाज नव्हता.

पायऱ्या होत्या तशाच होत्या. नऊ वर्षं कुणाचा पाय न लागल्यामुळे उलट जास्तच धडधाकट दिसत होत्या. मॅडम चढू लागल्या. काका पंधरा पायऱ्या दात-ओठ खाऊन चढले. सोळावीवर उजवा पाय उचललाच जाईना. हाताने धरून उचलून पाहिला, तोल गेला आणि ते मटकन खाली बसले. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

मॅडम खाली आल्या आणि शेजारच्या पायरीवर बसल्या. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

"वाट तुम्हीच वळवलीत ना?"

"मीच. चढवत नव्हतं."

मॅडमनी नकाशा गुडघ्यावर पसरला. मग म्हणाल्या, की येण्याआधी त्यांनी अपघातांच्या नोंदी काढून पाहिल्या होत्या. पूर्वी वर्षाला चार-पाच जण या पायऱ्यांवर पाय मोडून घेत. गेल्या नऊ वर्षांत स्ट्रेचर एकदाही वर आलेलं नाही. काकांची वाट आता नकाशावर येणार होती, आणि फाटकावर खऱ्या लांबीची नवी पाटी लागणार होती. काकांचा जीव भांड्यात पडला. तो क्षणभरच.

"पण तुमच्या गुडघ्यांचंही मला लिहावं लागेल, काका. आज बघितल्यावर तुम्हाला एकट्याला वर पाठवणार नाही मी."

काकांकडे याला उत्तर तयार होतं. थंडीने आखडलेत, चार दिवसांत बरे होतील, दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे. हे सगळं नऊ वर्षं मनात घोळून घोळून गुळगुळीत झालेलं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"लिहा. मी थकलो, मॅडम."

हे वाक्य त्यांनी काकूंपुढेही कधी उच्चारलं नव्हतं. एकदा बोलून गेल्यावर त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही. मॅडम समोरच्या झाडांकडे बघत बसून राहिल्या.

उतरायची वेळ झाली तेव्हा मॅडमनी हात पुढे केला आणि काकांनी तो धरला. दुसऱ्या हातात त्यांनी मोजणीचं चाक काठीसारखं घेतलं. आता कुणी बघेल म्हणून कण्हणं गिळायचं नव्हतं, पाय सरळ टाकायचे नव्हते. फाटकापर्यंतच्या सबंध वाटेवर काका मन भरून लंगडले.