बाबांचा जपानी चाकू आणि दादाच्या चिठ्ठ्या

बाबांचा चाकू दादाने हरवला नव्हता. मी हरवला होता.

आज दादाला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून एका जागी बसवत नाहीये. लिहूनच टाकते.

आमच्या नात्यात दादाची ओळखच ती. लग्नात, बारशात कोणीतरी म्हणायचंच, "आला बघा चाकू हरवणारा!"
दादा हसायचा. मीपण हसायचे.

बाबा मालवणचे, जहाजावर फिटर. जपानहून त्यांनी एक घडीचा चाकू आणला होता. हाडाची तपकिरी मूठ, दोन पाती, लहान पात्याचं टोक उडालेलं.

सहावीत असताना मी तो गुपचूप शाळेत नेला. कैरी कापायला.
कॉन्व्हेंटची शाळा, वर्गावरच्या सिस्टरने पकडलं. चाकू तिच्या ड्रॉवरमध्ये गेला. "घरून कोणालातरी घेऊन ये, मग देईन."

मी घरी सांगितलंच नाही. आठवडा गेला, सिस्टरने परत विचारलं नाही. मला वाटलं, विसरली.

घरी बाबा ओरडले, "माझो चाकू खंय?"
दादा म्हणाला, "माझ्याकडून पडला. ग्राउंडवर."

मी चाकू नेला त्याच्या आदल्याच दिवशी त्याने त्याच चाकूने स्टंप तासले होते. मला वाटलं, त्याला खरंच तसं वाटतंय.
त्याने मार खाल्ला. मी भूगोलाचं पुस्तक उघडून बसले.

नोकरी लागल्यावर दादाने शोध सुरू केला. मुलुंडचे भंगारवाले, कुर्ल्याचा जुना बाजार. "मुंबईत हरवलेलं मुंबईतच फिरत असतं गं."

जुना जपानी चाकू मिळाला की थेट माझ्याकडे, घाटकोपरला. भिंग माझ्या हातात.

"सुमे, तुझे डोळे चांगले. बघ."

आधी पात्याचं मूळ. तिथे इंग्रजीत बारीक 'जपान' ठोकलेलं असतं. पातं फार चकचकीत असेल तर कोणीतरी मशीनवर घासलंय समजायचं, अक्षरं अर्धी पुसलेली असतात.
मग मूठ. तापलेली सुई टेकवायची. प्लॅस्टिक वितळतं, हाडाला जळक्या केसांचा वास येतो. माझं किचन कितीदा त्या वासाने भरलंय!

"तोच आहे का गं?"
"नाही रे."
"चल, नेक्स्ट. चहा टाक."

तो नसणारच, हे मला माहीत होतं. सिस्टरच्या ड्रॉवरमधला चाकू भंगारात कुठून येणार?

दर खंडेनवमीला तो सगळे चाकू पाटावर मांडायचा. मधोमध एक जागा रिकामी.
"तिथेपण हळदकुंकू लाव. बाबांच्या चाकूला."
मी रिकाम्या पाटावर बोट टेकवायचे.

शेवटच्या खंडेनवमीला मी म्हटलं, "दादा, तुला एक सांगायचंय."
"आधी हळद लाव गं. चहा थंड होतोय."
मी हळदीत बोट बुडवलं, आणि सांगायचं राहिलंच.

काल वहिनीने बिस्किटांचा डबा हातात दिला. "तूच ठेव, सुमन. मला मेले सगळे सारखेच दिसतात."

एकोणतीस चाकू. प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. काय, खूण काय, कुठे मिळाला. शेवटी सगळ्यांवर तेच: तो नाही.

आज सकाळपासून भिंग घेऊन वाचतेय.
एकावर लिहिलंय, "शिक्का बनावट. फसलो. सुमीला सांगायचं नाही."
एकटीच मोठ्याने हसले.

मग डब्याच्या तळाशी एक चिठ्ठी मिळाली, चाकू नसलेली. पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली.

"बाबांचा. हाडाची मूठ. लहान पात्याचं टोक तुटलेलं.
कुठे: सुमीच्या शाळेत."

उठले. गॅलरीत गेले. परत आले. परत वाचलं.

म्हणजे त्या आठवड्यात सिस्टरला भेटायला कोण आलं होतं, दादा? तिने चाकू तुला दिला असेल, तर तो गेला कुठे?

आणि माहीत होतं, तर इतकी वर्षं भिंग माझ्याच हातात का द्यायचास? मी कधी बोलते ते बघायला?
की चहाला यायचं निमित्त होतं नुसतं?

दुपार झाली. अजून घरात फेऱ्या मारतेय.

घरातल्या सगळ्यांना सांगते, यापुढे कोणाला 'चाकू हरवणारा' म्हणायचं असेल, तर मला म्हणा. दादाचं नाव घ्यायचं नाही.

यंदा खंडेनवमीला पाट मीच मांडेन. मधली जागा रिकामी ठेवेन. तुझी चिठ्ठी तिथे.

दादा, तो मी नेला होता. कैरी कापायला.

सांगायला फार उशीर केला रे. तुझ्या सुमीचा नमस्कार घे.